बिल्ल्याखालचं कातडं

१

मेलेल्या माणसाच्या हेल्मेटाला सुवासिक तेलाचा वास येत होता, आणि त्या वासानं अल्थीया व्हॅन वायकला सकाळी सकाळी मळमळून आलं.

खरं तर वासांना घाबरणारी बाई ती नव्हती. ग्रँड स्ट्रीटवरच्या तिच्या दुकानात भिजत घातलेलं कातडं, मेण आणि काळं रोगण यांचा दर्प तीस वर्षं मुरला होता. नवरा गेल्यावर तिनं आणि तिच्या धाकट्या भावानं, ॲब्रामनं, धंदा चालू ठेवला होता. न्यूयॉर्कातल्या निम्म्या बंबवाल्यांच्या डोक्यावर या दोघांच्या हातचं हेल्मेट असे. पण हे तेल वेगळं होतं. अस्वलाच्या चरबीत अत्तर कालवून न्हावी शौकीन लोकांना विकतात ते. ते तिच्या हातातल्या हेल्मेटाच्या अस्तरात पार जिरलं होतं.

"हे माझ्या मालाचीचं नाही, बाई," समोर उभी असलेली ओनोरा गॅरिटी म्हणाली. धुणी धुऊन तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते आणि दोन दिवसांच्या रडण्यानं डोळेही.

"बिल्ला तर त्याचाच आहे."

"बिल्ला त्याचा आहे, डोकं दुसऱ्याचं आहे. माझा नवरा ईस्टरला त्या तांबड्या केसांना पाणी लावायचा, तेसुद्धा मी ओरडले तर. तेल कुठलं लावतोय?"

अल्थीयानं हेल्मेट उजेडात धरलं. आठ कंगोऱ्यांचं, मागं मानेवर पाणी पडू नये म्हणून लांब शेपटी काढलेलं, पुढं पितळी गरुड आणि त्या गरुडाच्या चोचीत अडकवलेला काळा बिल्ला. खालच्या बाजूनं बिल्ला मेणदोऱ्यानं काठाला टाचलेला. हेल्मेट स्वच्छ होतं. एक ओरखडा नाही, एक फोड नाही. तेच तर गॅरिटीच्या मुळावर आलं होतं.

गुरुवारी दुपारी पर्ल स्ट्रीटवर गवती टोप्यांचा कारखाना पेटला. तिसऱ्या मजल्यावर चार शिवणकामवाल्या पोरी अडकल्या. टॅमरॅक बंब कंपनीचा फोरमन लुशियस पेटीबोन आत घुसला आणि त्यानं चौघींना एकेक करून खांद्यावरून खाली आणलं, असं शहरभर झालं होतं. मालाची गॅरिटी मात्र हातातली पाण्याची नळी टाकून पळाला आणि मागच्या परसात छपराच्या कडेच्या कॉर्निसचे दगड मानेवर पडून मेला, असंही शहरभर झालं होतं. पेटीबोनचं हेल्मेट भाजून निघालेलं, गॅरिटीचं कोरं करकरीत. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं जो तो म्हणत होता.

"आज तीनला कंपनी मत घेणार," ओनोरा म्हणाली. "काळे गोळे जास्त पडले की त्याचं नाव वहीतून काढणार. मग शवपेटीवर हेल्मेट नाही, मागं माणसं नाहीत. चारला पुरायचाय. माझ्या पोराला उद्या गल्लीत पळपुट्याचा म्हणून हाक मारतील. मला दुसरं काही नको, बाई. तो पळाला नाही एवढं कोणीतरी म्हणा."

अल्थीया काळ्या बिल्ल्याच्या कडेकडेनं बोट फिरवत होती. बिल्ल्याभोवती बोटभर रुंदीचा एक पट्टा होता, तिथलं रोगण बाकीच्या हेल्मेटापेक्षा काळं आणि चकचकीत होतं, जणू तिथं कधी ऊन पोचलंच नव्हतं.

घड्याळात साडेनऊ झाले होते.

२

टॅमरॅकच्या बंबघराच्या खिडकीत भाजलेलं हेल्मेट लाल मखमलीवर मांडलं होतं. भोवती विजेत्याला घालतात तशी लॉरेलच्या पानांची माळ. बाहेर पन्नास एक माणसं माना उंचावून बघत होती, एक बाई पोराला उचलून दाखवत होती. अल्थीयाला वाटलं, नुसतं उदबत्त्या लावायच्या बाकी आहेत.

पेटीबोन तिला दारातच भेटला. देखणा गडी, रुंद छाती, गुळगुळीत मागं वळवलेले काळे केस. तो जवळ आला तशी ती एक पाऊल मागं सरली. तेच तेल.

"या, व्हॅन वायकबाई. तुमच्या हेल्मेटानं माझा जीव वाचवला. वरून तुळई आली ती या कंगोऱ्यांवरच. हे बघा, दोन चेपलेत."

"बघते ना. काढून द्या हातात."

"हात नाही लावायचा." तो हसला. "सोमवारी ते नगरभवनात ठेवणार आहेत. मोठमोठी माणसं येणार."

"आणि तुम्हीही निवडून येऊन त्यांच्या रांगेत बसणार म्हणतात."

"लोकांची इच्छा." त्यानं खाली बघायचं नाटक केलं. "खरं सांगू, बाई? धुरात त्या पोरींना माझा चेहरा दिसला नसेल, पण कपाळावरचा हा पांढरा बिल्ला दिसला. फोरमन स्वतः आलाय म्हटल्यावर त्यांच्या जिवात जीव आला. ते डोळे मी मरेपर्यंत विसरणार नाही."

अल्थीयानं खिडकीतून बिल्ल्याकडं पाहिलं. साध्या गड्याचा बिल्ला काळा आणि सहा इंच उंच. फोरमनचा पांढरा आणि आठ इंची, म्हणजे रस्त्यापलीकडूनही साहेब कोण ते कळावं. हा पांढरा बिल्ला बराच स्वच्छ होता. बाकी हेल्मेट मात्र बघवत नव्हतं. शेपटीचं कातडं फोड येऊन सुरकुतलं होतं.

आत बंबाचं पितळ घासत दुय्यम फोरमन एझ्रा टटल बसला होता. वीस वर्षांचा जुना गडी. त्यानं अल्थीयाला बघून न बघितल्यासारखं केलं, तेव्हा ती मुद्दाम त्याच्यासमोरच जाऊन उभी राहिली.

"नळीवर गॅरिटीबरोबर कोण होतं, एझ्रा?"

"मीच होतो."

"तो पळताना पाहिलास?"

"नाही. म्हणाला, वर कोणीतरी ओरडतंय. मी पाणी बघत होतो. वळून पाहिलं तर गडी नाही."

"आणि फोरमन?"

टटलचं फडकं जरा थांबलं. "ते मागं गेले होते. परसातून वाट आहे का बघतो म्हणाले."

"कधी?"

"आल्या आल्या."

"आणि परत कधी आले?"

"पोरी बाहेर आल्यावर. हेल्मेट उलटं घातलेलं, शेपटी तोंडावर, तोंड काळंठिक्कर. आम्ही टोप्या उडवल्या."

"मग तुझ्या मते गॅरिटी पळपुटा?"

"माझ्या मताला काय किंमत आहे, बाई. कंपनीचं जे मत तेच माझं."

तो पुन्हा पितळ घासू लागला. जिथं आधीच तोंड दिसत होतं तिथंच घासत होता. अल्थीयाला त्याची पेटीबोनपेक्षाही जास्त शिसारी आली. खोटं बोलणाऱ्याला निदान धाडस तरी लागतं.

३

चार पोरींपैकी मिन्ना नावाची एकच बोलू शकत होती, बाकीच्या तिघींचा धुरानं आवाज बसला होता. पंचविशीची, जर्मन, दोन्ही हातांना पट्ट्या. ती ऑर्चर्ड स्ट्रीटवर एका खोलीत बहिणीकडून कोबीचं सूप भरवून घेत होती.

"मला सगळे एकच विचारतात," ती म्हणाली. "उंच होता का? हो, उंच होता. म्हणजे पेटीबोनच. झालं. कागद भरला."

"मी दुसरं विचारते. चेहरा दिसला?"

"चेहरा कुठला? बदकाच्या चोचीसारखं काहीतरी तोंडावर आलं होतं, त्याच्यावरून पाणी गळत होतं. त्याच्या खालून फक्त हनुवटी."

"कपाळावर काही? पांढरा बिल्ला?"

"काही नव्हतं. नुसतं काळं, ओलं कातडं. मी वर बघितलं तेव्हा ते फुगत होतं, दुधावरची साय फुगते तसं. मी किंचाळले. तो म्हणाला, बाई, डोळे मिटा आणि तोंड ॲप्रनमध्ये घाला. मग मी शेवटपर्यंत डोळे उघडलेच नाहीत."

"किती वेळा आला तो?"

"चार वेळा. एका वेळी एकच. मी शेवटची. चौथ्यांदा आला तेव्हा तो जिन्यावर बसला. मला वाटलं आता उठत नाही. उठला." तिनं चमचा बाजूला सारला. "त्याला सांगा, मी हात बरे झाले की भेटायला येणार आहे."

अल्थीया जिना उतरून खाली आली आणि रस्त्यावरच्या पिंपावर टेकली.

या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. धगीत शिरायचं झालं की बंबवाला हेल्मेट उलटं फिरवतो, मागची शेपटी तोंडावर आणि बिल्ला मागं. तसं केलं नाही तर दहा पावलांत नाक भाजून निघतं. हे कोणी शिकवत नाही, पहिल्याच आगीत हात आपोआप फिरतो. पेटीबोन मात्र कपाळावरच्या बिल्ल्याच्या गोष्टी सांगत होता. रस्त्यात उभं राहून कर्ण्यातून हुकूम सोडणारा माणूस बिल्ला पुढंच ठेवतो, कारण तो लोकांना दिसायला हवा असतो. अकरा वर्षं फोरमन, आणि गडी एकदाही आत गेला नव्हता. गेला असता तर असली थाप मारलीच नसती.

म्हणजे आत गेला तो गॅरिटी. मग त्याच्या डोक्यावर हे तेलकट हेल्मेट आलं कसं आणि बिल्ले बदलले कोणी?

ती दुकानात आली. दार लावून तिनं ओनोरानं ठेवलेलं हेल्मेट खिडकीशी नेलं आणि भिंगाखाली काळ्या बिल्ल्याचा टाका पाहिला. नवा मेणदोरा. दोन टाके, गाठ आतल्या बाजूला दडवलेली. दोरा उजवीकडून डावीकडं तिरका गेलेला, डावखुऱ्या माणसाचा.

अख्ख्या शहरात हेल्मेटाला असा टाका घालणारा एकच हात तिला माहीत होता. गुरुवारी ती कातडी आणायला नेवार्कला गेली होती. शुक्रवारी परतल्यावर तिनं विचारलं होतं, काही काम आलं का? आणि तो हात भाकरीला लोणी लावत म्हणाला होता, काही नाही, ताई.

४

ॲब्राम मागच्या खोलीत साच्यावर ओलं कातडं ताणत होता. लहानपणी घोडागाडीखाली सापडून त्याचा डावा पाय आखूड झाला होता, त्यामुळं तो एका बाजूला झुकून काम करी. अल्थीयानं हेल्मेट त्याच्यासमोर ठेवलं.

"हे तू केलंस."

त्यानं आधी हेल्मेटाकडं आणि मग तिच्याकडं पाहिलं. नाही म्हणायचा प्रयत्न त्याच्या तोंडावर येऊन गेला, पण तो फार वाईट खोटं बोलायचा.

"फोरमन गुरुवारी चारला आले होते," तो म्हणाला. "दोन्ही हेल्मेटं पोत्यात. बिल्ले सुरीनं कापून काढलेले. म्हणाले, धावपळीत निघाले, टाचून दे."

"आणि तुला कळलं नाही? बिल्ल्याखालचं कातडं तुला दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग?"

"मी म्हणालो, फोरमन, हे उलटं होतंय. पांढरा ह्या हेल्मेटाचा नाही." तो थांबला. "ते म्हणाले, ॲब्राम, मेलेल्याला काय कळतंय?"

अल्थीया खुर्चीवर बसली.

"पुढं सांग."

"काय पुढं?"

"तू नजर चुकवतोयस. अजून काहीतरी आहे."

"भाजलेल्या हेल्मेटात रक्त होतं. ओलं. केस चिकटलेले. त्यांनी मला पुसायला सांगितलं." त्यानं हात पँटीला पुसले, रक्त आत्ताच पुसल्यासारखे. "मी पुसलं. टर्पेंटाइननं."

"पैसे किती दिले?"

"पैसे नाही गं, ताई. एक छदाम नाही." त्याचा आवाज चढला. "ते मला कंपनीत घेणार आहेत. आज मत झालं की माझं नाव ठेवणार. सभासद म्हणून. तीनशे हेल्मेटं शिवली मी, एकसुद्धा डोक्यावर घालायचा हक्क नाही मला. लंगडा म्हणून दोनदा काळा गोळा पडला. रस्त्यावरून बंब जातो, पोरं, म्हातारे, कुत्रीसुद्धा मागं धावतात. मी दारात उभा राहतो. तुला नाही कळायचं ते."

तिला कळत होतं, आणि म्हणूनच तिला जास्त किळस आली. पैशासाठी केलं असतं तर चोर म्हणून मोकळी झाली असती. हे तर तिच्या हातानं वाढवलेलं पोर होतं.

"गॅरिटीनं तुला मत दिलं होतं," ती म्हणाली. "दोन्ही वेळा. त्यानं मला सांगितलं होतं."

ॲब्रामनं मान खाली घातली.

"तीनला माझ्याबरोबर यायचं. जे मला सांगितलंस ते तिथं सांगायचं."

"दुकान बंद पडेल, ताई. कोण घेईल आपलं हेल्मेट?"

"पडू दे."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी एकटी जाते. पण मग या घरात तुझं ताट मी वाढणार नाही. तुझं तू बघ."

पावणेतीनला तिनं टोपी चढवून कोरं हेल्मेट काखेत घेतलं, तेव्हाही तो साच्यापाशीच बसला होता, आणि ती एकटीच निघाली.

५

बंबघराच्या वरच्या दालनात चाळीस माणसं बाकांवर बसली होती. मधल्या टेबलावर मताची लाकडी पेटी, शेजारी दोन वाडग्यांत पांढरे आणि काळे गोळे. खिडकीतलं हेल्मेट सभेसाठी वर आणून पेटीबोनसमोर ठेवलं होतं. दाराशी ओनोरा काळ्या शालीत उभी होती. तिला कोणी बस म्हटलं नव्हतं.

"बायकांना सभेत बोलता येत नाही," अल्थीया टेबलाकडं निघाल्यावर पेटीबोन म्हणाला.

"मी बाई म्हणून नाही बोलत. हेल्मेटं माझी आहेत, काही बिघडलं तर बघायचा करार आहे. यातलं एक बिघडलंय."

कुणीतरी हसलं. तेवढ्यात तिनं रापी काढून पांढऱ्या बिल्ल्याचे दोन्ही टाके कापले आणि गरुडाच्या चोचीतून बिल्ला ओढून घेतला. पेटीबोन उठेपर्यंत काम झालं होतं.

"जवळ या आणि बघा. सगळे या. धूर लागला की कातडं काळवंडतं, पण बिल्ल्याखालचं कातडं कोरं राहतं. फोरमनचा बिल्ला आठ इंची. मग कोरी जागा आठ इंची हवी. ही बघा केवढी आहे."

कातड्यावर सहा इंचाची स्वच्छ आकृती होती, आणि तिच्याभोवती बोटभर काजळी. पांढऱ्या बिल्ल्याखाली काजळी. अल्थीयानं दुसऱ्या हेल्मेटावरचा काळा बिल्ला कापून त्या जागेवर ठेवला. तो तंतोतंत बसला, दोरा जाईल एवढीही फट राहिली नाही. मग तिनं कोरं हेल्मेट फिरवून दाखवलं. त्याच्यावर मोठ्या बिल्ल्याची आठ इंची चकचकीत जागा होती.

"भाजलेलं हेल्मेट मालाची गॅरिटीचं आहे. कोरं हेल्मेट लुशियस पेटीबोनचं. वास घेऊन बघा हवं तर, अस्तरात अजून त्यांचं तेल आहे."

दालनात कुजबुज झाली. पेटीबोनच्या कपाळावर घाम आला, पण तो पट्टीचा बोलणारा होता.

"बरोबर आहे," तो शांतपणे म्हणाला. "घंटा झाली तेव्हा घाईत खुंटीवरची हेल्मेटं बदलली. मी गॅरिटीचं घालून आत गेलो, तो माझं घालून पळाला. नंतर मी फक्त माझा बिल्ला माझ्या पराक्रमावर लावून घेतला. गुन्हा आहे का?"

दोनतीन जणांनी सुटकेचा श्वास सोडला. एझ्रा टटल तर चक्क मान डोलवू लागला.

"सकाळी तुम्ही मला सांगितलंत, पोरींना कपाळावरचा पांढरा बिल्ला दिसला. हेल्मेट गॅरिटीचं होतं तर पांढरा बिल्ला आला कुठून? आणि धगीत बिल्ला कपाळावर राहतो कसा? मिन्ना म्हणते शेपटी तोंडावर होती. इथं बसलेल्या एका तरी माणसानं बिल्ला पुढं ठेवून जळता जिना चढलाय का?"

बाकांवरच्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं.

"बोलण्यात चूक होते, बाई," पेटीबोन म्हणाला. "मी चौघींचा जीव वाचवला, तुम्ही माझे शब्द मोजताय. गृहस्थहो, मत घेऊ."

आणि खरंच, पुढच्या बाकावरच्या एका माणसानं वाडग्याकडं हात नेला. अल्थीयानं तो काळ्या गोळ्यांकडं जाताना पाहिला.

"आत रक्त होतं."

सगळे वळले. दारात ॲब्राम होता. जिना चढून त्याला धाप लागली होती. तो ओनोराकडं न बघता तिच्याजवळून पुढं आला.

"भाजलेल्या हेल्मेटाच्या आत. गुरुवारी चारला. ओलं रक्त आणि तांबडे केस. फोरमननी मला पुसायला लावलं, मी पुसलं. अस्तर उलटं करा, शिवणीत अजून असेल, तिथं टर्पेंटाइन पोचत नाही." तो पेटीबोनकडं वळला. "तुमच्या डोक्याला कुठं लागलंय, दाखवा. तुळई पडली म्हणता ना. एक ओरखडा दाखवा."

अल्थीयानं अस्तर उलटलं. शिवणीत तपकिरी खपली होती आणि तिच्यात दोन तांबडे केस. पेटीबोनचे केस काळे होते.

आता सगळं ओळीनं लागलं, आणि ती ते टेबलावर हात टेकून बोलली. पेटीबोन वाट शोधायच्या नावाखाली परसात जाऊन लपला. गॅरिटीनं चार खेपा केल्या, शेवटची पोर रस्त्यावर सोडली आणि श्वास घ्यायला परसात आला, तेव्हा कॉर्निसचे दगड त्याच्या हेल्मेटावर आणि मानेवर पडले. मेलेल्याच्या डोक्यावरचं हेल्मेट याच माणसानं काढलं, आपलं त्याला घातलं, दोन्ही बिल्ले कापून खिशात टाकले, राख तोंडाला फासली आणि ते गरम हेल्मेट उलटं घालून टाळ्या घ्यायला पुढं आला.

"परसात कुठं लपला होता तेवढं मला माहीत नाही," ती म्हणाली.

"संडासात," एझ्रा टटल म्हणाला. त्याचा आवाज जेमतेम ऐकू आला. "मी नळी ओढायला वळलो तेव्हा पाहिलं. आतून कडी लावली त्यांनी."

"तू पाहिलंस?"

"मी आणि कोलमननं." शेजारच्या माणसानं मान खाली घातली. "सगळ्यांना अंदाज होता, बाई. पण गॅरिटी गेलाच होता. फोरमन पळपुटा ठरला असता तर कंपनी बुडाली असती. दुसऱ्या कंपन्यांनी आमच्या बंबावर थुंकलं असतं."

अल्थीयानं चाळीस तोंडांवरून नजर फिरवली. एकानंही तिच्या नजरेला नजर दिली नाही. ही माणसं आगीत शिरत होती, कित्येकांची कातडी भाजलेली होती, आणि दोन दिवस एकानंही ब्र काढला नव्हता. तिला थुंकावंसं वाटलं, पण घासलेल्या लाकडी जमिनीचा तिनं मान राखला.

पेटीबोन केव्हा जिना उतरून गेला ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

६

मत झालं. चाळीस पांढरे गोळे पडले. मग त्या माणसांना एकदम कंठ फुटला. बँड बोलवू या, बंबाला काळं कापड गुंडाळू या, सगळ्या कंपन्यांना निरोप धाडू या. कोलमन तर भाषण कोण करणार ते विचारू लागला. मेल्या म्हशीला मणभर दूध.

"थांबा," ओनोरा म्हणाली.

ती सुरुवातीपासून दाराशी उभी होती. ती टेबलापाशी आली.

"बिल्ला लावा त्याचा."

ॲब्रामनं खिशातून आरी आणि मेणदोरा काढला. चाळीस माणसांसमोर उभ्यानं त्यानं काळा बिल्ला त्याच्या जागी टाचला. दोनदा आरी त्याच्या बोटात गेली. ओनोरानं हेल्मेट हातात घेतलं, बिल्ला ओढून पाहिला आणि भाजलेली शेपटी शालीच्या पदरानं पुसली.

"हे त्याच्याबरोबर येईल," ती म्हणाली. "तुम्ही कोणी येऊ नका."

"मिसेस गॅरिटी," टटल पुढं झाला, "पेटी उचलायला तरी सहा माणसं लागतील."

"लागतील. पण तुमची नकोत."

चारला पेटी तिच्या दारातून निघाली. अल्थीयाच्या निरोपावरून मिन्ना आली होती, पट्ट्या बांधलेल्या हातांनी, आणि तिच्याबरोबर बाकीच्या तिघी. एक तर खोकत होती. चौघींनी पेटीखाली खांदे दिले. पाचवा खांदा अल्थीयाचा. सहावी जागा रिकामी होती, डावीकडची, मागची.

ॲब्राम गल्लीच्या तोंडाशी उभा होता. तो लंगडत आला आणि त्या जागेखाली वाकला. अल्थीयाला वाटलं, ओनोरा आता हो म्हणेल. तिला मनापासून तसं हवं होतं. ॲब्राम आला होता, खरं बोलला होता, सगळ्यांसमोर बोलला होता.

ओनोरानं त्याच्याकडं पाहिलं.

"तू नाही," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. दुसऱ्याचा कपडा चुकून हातात आला तर बाजूला ठेवावा, तशी ती म्हणाली. ॲब्राम सरळ झाला आणि मागं सरला. अल्थीयानं भावाची बाजू घ्यायला तोंड उघडलं, पण घ्यायला बाजूच नव्हती.

पाच बायकांनी पेटी उचलली आणि ती मागून डावीकडं कलली. पदपथावर टॅमरॅकची माणसं टोप्या काढून रांगेनं उभी होती. त्यांच्यातल्या प्रत्येकाला पेटी कललेली दिसत होती, आणि कोणालाही पुढं यायची सोय नव्हती. पेटीवरचं हेल्मेट घसरू लागलं, तशी ओनोरानं त्याच्यावर हात ठेवला आणि कबरस्तानापर्यंत ती ते तसंच धरून चालत राहिली.